लग्नानंतरचा नकार

आपल्याकडच्या जुन्या काळातल्या प्रेमकथेत लग्न आधी होतं. मुलगी आठ-दहा वर्षांची असते, नवरा कोण हे तिला अंतरपाट दूर झाल्यावर कळतं, अक्षता पडतात आणि मग गोष्ट सुरू होते. इंग्लंडातल्या जुन्या काळावरच्या सिनेमांत नेमकं उलटं असतं. २००५ साली जो राइट यांनी जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर केलेला सिनेमा मला फार आवडतो. पाच बहिणी, घरात मुलगा नाही, इस्टेट दूरच्या चुलतभावाकडे जाणार, आईला लग्नांची घाई. आणि त्यातली एलिझाबेथ दोनदा नकार देते. आधी त्या चुलतभावाला, ज्याच्याशी लग्न केलं असतं तर राहतं घर वाचलं असतं. आणि नंतर भर पावसात डार्सीला, ज्याच्याकडे तिच्या सगळ्या गावाला पुरून उरेल एवढा पैसा आहे. पुढे ती डार्सीला होकार देते, पण त्या होकाराला जो गोडवा आहे तो आधीच्या नकारातून आलेला आहे. जी ‘नाही’ म्हणू शकली तिच्याच ‘हो’वर आपला विश्वास बसतो.

ऑस्टिनची कादंबरी १८१३ सालची. त्या वर्षी पुण्यात पेशवाई होती, आमच्या भंडाऱ्यावर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, आणि इथल्या कुठल्या घरात वधूची मर्जी विचारली गेली असेल असं मला वाटत नाही. म्हणून आपल्या पडद्यावर जुना काळ उभा राहतो तेव्हा ‘यांचं जमेल का?’ हा प्रश्नच नसतो. जमवलेलं असतंच. प्रश्न असतो तो असा, की कोणीतरी जमवून दिलेल्या या दोन माणसांत प्रेम येईल का? मृणाल कुलकर्णींच्या ‘रमा माधव’मध्ये ते येतं, आणि थेऊरला १७७२ साली सतीच्या चितेवर संपतं. थिएटरात माझ्या आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या, मीही पुसले. पण बाहेर पडल्यावर मनात राहिलं ते हेच, की या रमेला आयुष्यात एकदाही नको म्हणायची वेळ आली नाही, म्हणजे येऊच दिली नाही.

मराठीत हा नकार पडद्यावर पहिल्यांदा एवढ्या जोरानं कोणी उच्चारला असेल तर तो १९३७च्या ‘कुंकू’मधल्या नीरानं. आणि तोसुद्धा लग्न लागल्यानंतर.

मी शहापूरला राहते. भंडारा शहराच्या अलीकडे, नागपूरहून येणाऱ्या महामार्गावरचं हे गाव. एका अंगाला जवाहरनगरचा आयुध कारखाना, गावालगत मनोहरभाई पटेलांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि मागे वळलं की धानाच्या बांध्या. सकाळी महामार्गावर पाठीला सॅक लावलेल्या मुलींची रांग दिसते आणि दिवाळीनंतर त्याच रस्त्यानं मळणीला निघालेले ट्रॅक्टर दिसतात. अशा ठिकाणी बसून नव्वद वर्षांपूर्वी पुण्यात झालेला सिनेमा पुन्हा पुन्हा बघावासा का वाटतो, याचा मी बरेचदा विचार केला आहे. मला वाटतं, त्यातली गोष्ट पुण्याची असली तरी तिचं उत्तर आमच्याकडे निराळं होतं, आणि ते निराळेपण मला सुचवलं ते माझ्या आजीनं. पण आधी सिनेमा सांगायला हवा.

प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापूर सोडून पुण्यात स्थिरावली होती. ‘संत तुकाराम’ नुकताच गाजला होता. अशा वेळी व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही १९२३ची कादंबरी हातात घेतली. पटकथाही आपट्यांचीच. मराठीत ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. जरठ-कुमारी विवाहाचा विषय नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकानं १८९९मध्येच तो रंगभूमीवर आणला होता आणि लोक त्यावर रडले होते. पण शारदेला शेवटी वाचवलं जातं, लग्न मोडतं. नीराला कोणी वाचवत नाही. आईबाप नसलेली ही मुलगी मामा-मामीच्या घरी वाढते, पैशासाठी मामा तिला फसवून उजवतो, आणि बोहल्यावर तिला कळतं की आपला नवरा वडिलांपेक्षाही मोठा आहे. काकासाहेब वकील आहेत, विधुर आहेत, त्यांची मुलं नीराच्या वयाची आहेत.

इथून पुढे मराठी प्रेक्षकाला सवयीचं काय होतं? मुलगी रडते, देवापुढे दिवा लावते, नशिबाला बोल लावते, आणि हळूहळू त्या घराची होते. नीरा यातलं काही करत नाही. ती त्या घरात राहते, पण काकासाहेबांची बायको व्हायला साफ नकार देते. त्यांचा तरुण मुलगा सलगी करू पाहतो तेव्हा ती छडी उचलते. शांता आपटे तेव्हा जेमतेम विशीतली होती. तिचा चेहरा बघा. राग आवरण्याची तिची जी पद्धत आहे, ओठ मिटलेले आणि डोळे सरळ समोरच्यावर, ती मी नंतरच्या कोणत्याही नटीत पाहिलेली नाही. तिच्या रागात आक्रस्ताळेपणा नाही. आपलं चुकलेलं नाही हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्या माणसाचा तो राग आहे.

आणि सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. संगीतकार होते केशवराव भोळे, गाणी आहेत, पण प्रसंगाच्या मागे वाजणारी वाद्यं नाहीत. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच: पावलं, दारं, भांडी, भिंतीवरचं घड्याळ. आज हे ऐकताना अंगावर येतं. कारण सारंगी वाजली की आपल्याला कळतं, आता वाईट वाटून घ्यायचं. इथे तसं कोणी सांगत नाही. एक म्हातारा आणि एक मुलगी एका घरात आहेत, मधली शांतता भरून काढायला कोणी नाही, आणि ती शांतता आपल्याला त्या दोघांसारखीच सोसावी लागते. गाणं येतं तेही नीराच्या तोंडून, तिच्या मनात आलं म्हणून. एकदा तर ती लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. १९३७ साली नऊवारी-पाचवारीच्या जगात एक मराठी मुलगी पडद्यावर इंग्रजी कविता गाते आणि ती कुठेही खोटी वाटत नाही. गाता गळा शांताबाईंचा स्वतःचा होता, हेही त्याचं एक कारण.

काकासाहेबांचं काम केशवराव दात्यांनी केलं. या माणसाबद्दल मला नेहमी अवघड वाटतं, आणि ते श्रेय दात्यांचं आहे. काकासाहेब राक्षस असते तर सगळं सोपं झालं असतं. ते शिकलेले आहेत, घरच्यांशी प्रेमानं वागतात. मिशांना कलप लावतात, आरशात स्वतःला न्याहाळतात आणि आरसा जे दाखवतो ते त्यांना बघवत नाही. बायको म्हणून आणलेली मुलगी आपल्याकडे ज्या नजरेनं बघते तीच नजर हळूहळू त्यांच्याही डोळ्यांत येते. म्हणजे त्या घरात बदलते ती नीरा नाही, काकासाहेब बदलतात. तिच्या नकारानं त्यांना माणूस केलं असं मला वाटतं. सिनेमात प्रेम शोधायचंच तर ते इथे आहे: एका माणसानं आपला हक्क हक्क नव्हता हे ओळखलं, यात. शेवटी ते तिला मुलगी मानतात, दुसरं लग्न कर असं लिहून ठेवतात आणि स्वतःचा जीव देतात.

माझ्या आजीनं हा सिनेमा दूरदर्शनवर पाहिला. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट तिनं एकही प्रसंग न सोडता पाहिली. नीरानं छडी उचलली तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसली. शेवट झाला, आम्ही सगळे गप्प, आणि ती एकदम म्हणाली, “पन मंग तिनं फारकत काहून नाही घेतली वो? बुढ्याले मरा लागलं ना उगाच.” आई म्हणाली, “त्यांच्यात नसते तसं.” आजीला ते पटलं नाही. तिनं आपल्या माहेरच्या नात्यातल्या बायांची नावं घेतली. एकीनं दारुड्या नवऱ्याची फारकत घेतली होती, पंच बसले होते, दुसऱ्याशी पाट लागला होता, आणि त्या दुसऱ्या घरी तिनं चार लेकरं वाढवून धानाची शेती उभी केली होती.

आजीच्या त्या प्रश्नानं माझ्यासाठी ‘कुंकू’चं सगळं चित्र हललं. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतल्या कुणबी, तेली आणि आणखी कितीतरी जातींत फारकत म्हणजे सोडचिठ्ठी आणि पाट म्हणजे बाईचं पुन्हा लग्न, हे जुने रिवाज होते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे आपले ग्रंथ १९१६मध्ये काढले, त्यांत या चालींची नोंद जागोजाग आहे. नीराची कोंडी ही पांढरपेशा, उच्चवर्णीय घराची कोंडी होती. जिथे विधवेलाही पुन्हा कुंकू नव्हतं तिथे सवाष्णीला नवरा सोडायची वाट कुठून असणार? १८५६च्या कायद्यानं विधवेच्या लग्नाला मान्यता दिली होती, पण नवरा जिवंत असताना बाहेर पडण्याचा रस्ता तिच्यासाठी नव्हता. म्हणून आपटे आणि शांतारामांना काकासाहेबांना मारावं लागलं. नीराला मोकळं करायचं तर आधी तिला विधवा करायला हवं, एवढीच फट त्या समाजात उघडी होती. तो शेवट मला पूर्वी नाटकी वाटायचा. आता त्यात त्या काळाच्या कायद्याची भिंत दिसते.

पण आजीच्या जगाचंही मी फार कौतुक करणार नाही. पाटाची बाई मानानं लग्नाच्या बाईच्या खालीच बसायची. मंगलकार्यात तिला पुढे करत नसत. फारकतीला पंच बसायचे आणि ते सगळे पुरुष असायचे. बाईला दुसरं घर मिळायचं याचं एक कारण तिचे राबणारे हात होते, रोवणीला आणि कापणीला ते हात हवेच असायचे. रस्ता होता हे मात्र खरं. पुण्यातल्या वकिलाच्या वाड्यात नव्हता आणि भंडाऱ्याच्या बांधीवर होता, ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाआधी आजीच्या तोंडून कळली, याचा मला अभिमान आहे.

कायद्याचा रस्ता फार हळू आला. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७मध्ये झाला. आमचा भंडारा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नव्हता. इथल्या बाईला १९५५च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो कायदा झाला, आणि सप्टेंबरात डॉ. रखमाबाई वारल्या.

रखमाबाईंचं नाव इथे घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण नीराच्या पन्नास वर्षं आधी हा नकार एका खऱ्या मराठी मुलीनं दिला होता. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचत राहिल्या. १८८४मध्ये नवऱ्यानं दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी पुढच्या वर्षी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अपील झालं, आणि १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांसारखा माणूस त्यांच्या विरोधात होता. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या, १८९४मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटला पुढची कितीतरी वर्षं रुग्णसेवेत घालवली. दुसरं लग्न केलं नाही. अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर २०१६मध्ये सिनेमा केला, पण तो फार थोड्यांनी पाहिला.

त्यांच्याच वयाची, काही महिन्यांनी लहान, आनंदीबाई जोशी. तिच्यावरचा समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ २०१९मध्ये आला तेव्हा भंडाऱ्यात आम्ही घरच्या बायका मिळून गेलो होतो. ललित प्रभाकरचे गोपाळराव आणि भाग्यश्री मिलिंदची आनंदी. नवव्या वर्षी लग्न, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टातला कारकून, विधुर, आणि बायकोला शिकवण्याचा त्याचा हट्ट. त्या हट्टातून ती १८८३मध्ये बोटीनं अमेरिकेला गेली, १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७मध्ये, बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, पुण्यात गेली. ज्या मार्चमध्ये फॅरननी रखमाबाईंना तुरुंगाची धमकी दिली त्याच्या आदल्या महिन्यात. एकीला नवऱ्यानं डॉक्टर केलं, दुसरी नवरा नाकारून डॉक्टर झाली. दोघी एकाच मराठी मुलखात, एकाच वेळी.

आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला पत्रं लिहिली. त्यांत लहानपणी त्याच्या हातून खाल्लेला मार आहे, फेकून मारलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं आहेत, सोडून जाण्याच्या धमक्या आहेत. आणि त्याच पत्रांत, आपण जे काही झालो ते या माणसामुळे, ही कृतज्ञताही आहे. सिनेमानं पहिल्या भागाची धार बरीच कमी केली. मला ते आवडलं नाही. ज्या मुलीला नको म्हणताच येत नव्हतं तिच्या नवऱ्यावरच्या प्रेमाची गोष्ट सांगायची, तर तो मार पडद्यावर दिसायलाच हवा. तो दिसला असता तर आनंदीचं मोठेपण कमी झालं नसतं, वाढलं असतं. ‘कुंकू’ या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. नीराला नवऱ्याचे उपकार मानायला कोणी लावत नाही.

आणि नीरा साकारणाऱ्या बाईनंही पडद्याबाहेर काय केलं ते सांगायला हवं. करारावरून कंपनीशी बिनसलं तेव्हा १९३९मध्ये शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. काकासाहेबांच्या मुलीचं काम करणाऱ्या शकुंतला परांजपे पुढे र. धों. कर्व्यांच्या वाटेनं संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतात आणि राज्यसभेवर जातात. आज आपण त्यांना सई परांजप्यांची आई म्हणून जास्त ओळखतो. पडद्यावरचा नकार आणि या बायांचं आयुष्य यांत फार अंतर नव्हतं. तो सिनेमा खरा वाटतो त्याचं अर्धं कारण मला यात दिसतं.

आता आमच्याकडे लग्नं जुळतात ती अजूनही बरीचशी मंडईत. दिवाळीची भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी एकेक दिवस मंडई भरते. गोवारी बांधव ढाली घेऊन नाचत येतात, दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. नाटक रात्रभर चालतं, पहाटे पडदा पडतो. वडशाहून नाटकमंडळी येतात, आणि त्यांच्या नाटकांत अजूनही कुंकू आहे, सौभाग्य आहे, छळणारी सासू आहे, फसवलेली मुलगी आहे. लोक जीव लावून बघतात. दिवसा त्याच पाहुण्यांत एखादं घर दुसऱ्या घराच्या मुलीकडे बघत असतं. धान घरात आलेलं, हातात थोडा पैसा, सगळी सोयरी जमलेली. सोयरिकीची बोलणी काढायला याहून चांगला मुहूर्त नाही. उन्हाळ्यात मग साक्षगंध, आणि लगेच लग्न.

गेल्या मंडईला माझ्या भाचीसाठी असंच एक स्थळ आलं. भाची इंजिनिअर, नागपूरला नोकरीला. मुलगा चांगला, सरकारी नोकरी, घरची शेती, माणसं साधी. दोघांना बोलायला म्हणून अंगणात बसवलं. पाहुणे गेल्यावर घरातल्या सगळ्यांनी तिला घेरलं. ती म्हणाली, “मले नाही पसंत.”

मामाजींनी विचारलं, “काय खोट आहे पोरात?”

“खोट काहीच नाही, मामाजी. चांगला आहे. मले नाही वाटलं.”

घरात थोडा वेळ कोणाला काय बोलावं ते सुचेना. मुलानं हुंडा मागितला असता, दारू पीत असता, वयानं मोठा असता, तर तिचा नकार सगळ्यांनी उचलून धरला असता. नीराला नकार द्यायला म्हातारा नवरा आणि फसवणूक लागली. रखमाबाईंना हायकोर्ट लागलं. एलिझाबेथचा तो चुलतभाऊसुद्धा इतका हास्यास्पद आहे की त्याला कोणीही नाही म्हणेल. माझ्या भाचीनं एका चांगल्या मुलाला, काही दोष न काढता, फक्त आपल्याला वाटलं नाही म्हणून नको म्हटलं. मोठ्याई कुरकुरल्या, असं कुठं असते का म्हणाल्या. मला मात्र तिच्या त्या ‘नाही वाटलं’चा फार आनंद झाला. कारण उद्या तिला कोणाबद्दल वाटलं, तर तेही आम्हाला याच शब्दांत कळेल.

मग निरोप कसा द्यायचा यावर बोलणं झालं. आमच्याकडे अशा वेळी पत्रिका पुढे करतात, नाहीतर मुलीला आणखी शिकायचं आहे म्हणतात, म्हणजे समोरच्याला वाईट वाटत नाही आणि मुलीचं नावही मध्ये येत नाही. काकाजींनी पत्रिकेचंच सुचवलं. भाचीचे वडील, माझे भाऊजी, एरवी कमी बोलणारा माणूस. शेतातून आल्या पायी ओसरीवर बसले होते. त्यांनी फोन लावला, मुलाच्या वडिलांची ख्यालीखुशाली विचारली, धान किती झालं ते विचारलं, आणि मग म्हणाले, “पोरगी नाही म्हनते, भाऊ. तुमचा पोरगा चांगला आहे. पन ते नाही म्हनते.”